गोठ्यातलं जनावर

मी गुरांची डॉक्टर. माहेर घाटावरचं, कोल्हापूरच्या बाजूचं. आमच्याकडे जनावर म्हणजे गाय, म्हैस, बैल. बाबा संध्याकाळी घरात आले की पहिलं विचारायचे, जनावरांना पाणी दाखवलं का? पुढे पुस्तकांतही तोच शब्द भेटला. त्यामुळे फोंडाघाट उतरून मसुऱ्याच्या बाजूला नोकरीला आले, तेव्हा हा एक शब्द तरी मला पक्का येतो, अशी माझी खात्री होती.

रुजू होऊन थोडेच दिवस झाले होते. एका सकाळी जवळच्या वाडीतल्या एका काकांचा फोन आला. त्यांची गाय पहिल्यांदाच विणार होती आणि मी तिला आधी तपासून आले होते.

"डॉक्टरांनू, गाय अडली हा. आणि गोठ्यात जनावर आसा. बेगीन येवा."

गोठा लहान, हे मी पाहिलं होतं. म्हटलं, दुसरं जनावर असेल तर ते बाहेर काढून बांधा, गाईला जागा मोकळी करा. मग काका हळूच म्हणाले, "बांधूचां कसां?"

मला वाटलं, मारकं असेल. थोडी पेंड दाखवा, पाठोपाठ येईल, असं सांगून मी स्कूटर काढली.

पोचले तर काका, काकी आणि दोन शेजारी खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, उभे. कोणाच्या हातात दावं नाही, काठ्या मात्र होत्या. अजून बाहेर काढलं नाही का, असं जरा रागानेच विचारत मी दारातून आत वाकले. गाय दाराजवळच बांधलेली होती, आणि पलीकडच्या कोपऱ्यात, गवताच्या भाऱ्यावर, फणा काढून नाग बसला होता.

काका म्हणत होते ते जनावर हे. गाय कळा देत होती, वासराचा एक खूर दिसायला लागला होता. थांबून चालण्यासारखं नव्हतं. काकी माझ्या बाजूने आत आल्या, गाईच्या मानेवर हात ठेवून तिच्याशी बोलत राहिल्या. मी नागावरची नजर न काढता चाचपडत दाव्याची गाठ सोडली. दोघींनी तिला एकेक पाऊल बाहेर आणलं. खळ्यात फणसाच्या सावलीत ती बसली. वासराचा दुसरा पाय मागे अडकला होता. तो सरळ केल्यावर बाकीचं तिनेच केलं. पाडी झाली. आमचं सगळं लक्ष तिच्याकडे असताना नाग मागच्या भिंतीतल्या फटीतून काजूच्या बागेकडे निघून गेला. एका शेजाऱ्याने त्याला जाताना पाहिलं, आणि कोणी काठी उचलली नाही.

हातपाय धुऊन चहाला बसल्यावर मी फोनवर काय समजले होते ते सांगितलं. काका इतके हसले की त्यांच्या बशीतला चहा सांडला. ते म्हणाले, फोन ठेवल्यावर त्यांनी काकींना विचारलं होतं की घाटावरचे लोक नागाला पेंड घालतात काय.

काकी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मला नीट समजावलं.

"त्याचां नाव घेवचां नाय, बाये. घेतला तर ऐकता आणि येता. म्हणान जनावर म्हणाचा."

मग गाईला काय म्हणता, मी विचारलं.

"गाय म्हणतंव. ती खंय जनावर? ती घरातली."

कागदोपत्री मी अजून जनावरच लिहिते, तिथे दुसरा शब्द चालत नाही. पण कोणाच्या दारात उभी राहिले की गाय म्हणते, पाडी म्हणते. दवाखान्यात येणारी माणसं मला सांभाळून घेत शुद्ध मराठीत विचारतात, "मॅडम, जनावर म्हणजे तुमचं की आमचं?" आई फोनवर सांगते, आज जनावरं आवरायला उशीर झाला, तेव्हा माझे पाय आपोआप खुर्चीवर जातात. मग मी हसते आणि तिला विचारते, किती दूध निघालं.

त्या वाडीवरून जाताना काम नसलं तरी मी थांबते. पाडी आता चांगली थोराड झाली आहे. माझी स्कूटर दिसली की टोचणीच्या भीतीने ती काकींच्या मागे लपते, आणि काकी तिला दटावत माझ्यासाठी चहाचं आधण ठेवतात.