हँड्स डाउन

थेरपी सेंटरच्या मॅडमनी माझ्या मुलीचे दोन्ही हात टेबलावर दाबून धरलेले.

"हँड्स डाउन, मैत्री. माझ्याकडे बघ."

मैत्री सहा वर्षांची. ऑटिझम आहे तिला, बोलत नाही. शू लागली की हात फडफडवते. हे मी मॅडमना आधीच सांगितलेलं. काचेच्या दारातून पुन्हा सांगितलं.

"नाटक करतेय ती," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही मध्ये बोलू नका. डोळ्यांत बघितलं की सोडते."

तिने बघितलं नाही. खुर्चीतच झालं. टाईल्सवरून ओघळ दारापर्यंत आला.

मॅडमनी हाताला सॅनिटायझर लावला. सफाईवाली मावशी आलेली नव्हती. कोपऱ्यातलं फडकं त्यांनी पायाने माझ्याकडे सरकवलं.

"पुसून घ्या. तुम्हा लोकांना काय, सवय असेल."

तुम्हा लोकांना. आडनाव त्यांनी पहिल्या दिवशीच दोनदा विचारून घेतलेलं. टिटवाळ्यात कुठल्या बाजूला राहतो, तेही. मी एका लॅबमध्ये रिसेप्शनला बसते. ड्युटीवरून तशीच आलेले, आयकार्ड गळ्यात. गुडघ्यांवर बसले आणि पुसलं. बाहेर सोफ्यावर बसलेल्या एका बाईने आपल्या मुलाचे पाय वर उचलून घेतले.

बाळकुमच्या त्या सेंटरमधून टिटवाळ्याला घरी येईपर्यंत मैत्रीने हात मांड्यांखाली दाबून ठेवलेले. कोणी न सांगता.

आठवडाभरात फडफड थांबली. नवरा म्हणाला, "अगं, शांत झाली की. फरक पडतोय." मी तिची बाही वर करून दाखवली. मनगटावर दातांचे वण. तिचेच दात. त्याने बाही हळूच खाली ओढली.

पुढच्या सेशनला मॅडमनी परत हात धरले. मी दार ढकललं, मैत्रीला उचललं.

"आजपासून येणार नाही."

"मग सांभाळा जन्मभर अशीच," मॅडम म्हणाल्या.

त्या वाक्याने मी पेटले. अशीच म्हणजे कशी, ते मलाच नीट कळून घ्यायचं होतं. कल्याणला सरकारी दवाखान्यात एक थेरपिस्ट भेटली, माझ्याहून लहान. मैत्रीच्या शेजारी फरशीवरच बसली. हात धरला नाही, की बघ म्हणाली नाही. मला म्हणाली, "ताई, वागणं हीच तिची भाषा आहे. ती बंद पाडायची नाही. तिला जमेल असं आणखी काही द्यायचं हातात." तिने संडासाच्या चित्राचं कार्ड दिलं. मैत्रीने ते आणून आपल्या हातात दिलं की लगेच संडासला न्यायचं. हात हलले तरी न्यायचं. यालाही बिहेवियर थेरपीच म्हणतात, मॅडमच्या बोर्डावर होतं तेच नाव. म्हणजे मॅडमनी केलं ती थेरपी नव्हती. माझ्या पोरीला मोडत होत्या त्या.

एका दुपारी मैत्रीने ते कार्ड आणून माझ्या पोटावर दाबलं. मी तिला घेऊन धावले. परत आल्यावर ती हात फडफडवत नाचली. मी बघत राहिले.

मग सेंटरमधल्या सोफ्यावरच्या त्या बाईचा फोन आला, पालकांच्या ग्रुपवरून नंबर घेऊन. "ताई, सेंटरच्या कार्यक्रमात तुमच्या मुलीचा व्हिडिओ दाखवणार आहेत. तुम्हाला विचारलं का?"

नव्हतं विचारलं. मी गेले. ठाण्यातला एसी हॉल. पडद्यावर माझी मैत्री. आधी हात फडफडवणारी. मग गप्प, मान खाली. टाळ्या वाजल्या. मी उभी राहिले.

"ती माझी मुलगी. शू लागलेली असताना तिचे हात दाबून धरले. खुर्चीत मुतली ती. ते माझ्याकडून पुसून घेतलं, माझी जात काढून. ते नाही दाखवलं तुम्ही."

"तुम्ही इमोशनल होताय," मॅडम स्टेजवरून म्हणाल्या. "बसा."

मी बसले नाही. मागून ती सोफ्यावरची बाई उठली. "माझ्या मुलालाही असंच धरतात." मग आणखी एक बाप उठला. मॅडमनी घाईघाईने पडदा बंद करायला सांगितला. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

आम्ही तिघांनी मिळून तक्रार केली. पोलिसांत, बालहक्कवाल्यांकडेही. आता मॅडमचे फोन येतात. आवाज मऊ झालाय. "मीही आई आहे हो. बसून बोलू." सासूबाई म्हणतात, "झालं ते झालं. माफ कर, पोरीकडे बघ."

पोरीकडे बघूनच माफ करत नाही. मला त्यांचं सॉरी नको. सेंटरला टाळं हवंय. लागेल ते, मी लावून घेईन. आणि त्यांनी नाव बदलून दुसऱ्या कॉम्प्लेक्समध्ये दुकान मांडलं, तर मी त्या गेटवरही उभी राहीन आणि आत जाणाऱ्या प्रत्येक आईला थांबवीन.