हमदच्या गाडीचं ऑइल पॅन

एका ऑइल पॅनसाठी विमानाचं तिकीट काढलंय, हे घरी सांगायला जरा जडच गेलं.

पुण्यात मी जुनी इंजिनं दुरुस्त करते. माझा पूर्वीचा सहकारी, वसईचा डेनिस, सध्या मस्कतला रुवीजवळच्या गॅरेजात आहे. त्याचा अर्बाब, म्हणजे मालक, सलीम. सलीमने थोरल्या भावाची, हमदची, ड्रॅग रेसची गाडी पुन्हा उभी करायला घेतली होती. सरळ रस्त्यावर दोन गाड्या सुसाट सोडायच्या, ती ही शर्यत. गाडी ऐंशीच्या दशकातली, पण इंजिनाखालचं तेलाचं पॅन आजचं, चकचकीत.

"सलीमला त्या काळचंच हवंय, येऊन शोधून दे ना गं," डेनिस म्हणाला.

थंडीत जावं, हवा सुखद असते. विमानतळावरून रुवीला बस मिळते, टॅक्सीपेक्षा कितीतरी स्वस्त. जेवणाची चिंता नाही, पराठा आणि कडक चहा पावलोपावली.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्यांकडे फिरलो. "जुना माल खलास," सगळीकडे हेच उत्तर. संध्याकाळी सलीमने त्या गाडीचा शर्यतीतला जुना फोटो दाखवला. पुढची चाकं हवेत, आणि खाली मागच्या बाजूला खोल असलेलं पॅन स्पष्ट दिसत होतं.

"हे हमदकडेच आहे," तो हिंदीत म्हणाला. "पण आम्ही बोलत नाही."

शेवटची शर्यत हमद जिंकला होता. रेषा ओलांडून त्याने ब्रेक मारला आणि इंजिन जाम झालं. सकाळी तेल सलीमने भरलं होतं. ते कमी भरलं, असं हमद तेव्हापासून म्हणत आला.

तिसऱ्या दिवशी भाड्याच्या गाडीने निझव्याला, हमदच्या गावी. रस्ता उत्तम, दोन्हीकडे उघडे तपकिरी डोंगर. कॅमेरे बरेच, वेग सांभाळा. सलीम मागे बसला होता.

हमदने खजूर आणि काहवा, म्हणजे वेलदोड्याची कॉफी, दिली. भावाकडे पाहिलं नाही. शेडमधल्या पोत्यांखालून पॅन काढून त्याने माझ्यासमोर ठेवलं. मी ते डिझेलने धुतलं. आत एका पत्र्याची कापलेली कड होती.

"इथे आडवा पत्रा होता," मी म्हणाले. "ब्रेक मारला की तेल पुढे पळतं, तो ते अडवतो. पत्रा नसला तर पंप नुसती हवा ओढतो. तेल पुरेसं असलं तरी."

हमदने त्या कडेवरून बोट फिरवलं.

"मोठा पंप बसत नव्हता," तो म्हणाला. "पत्रा मीच कापला."

मग तो सलीमकडे वळून अरबीत काही बोलला. सलीम मान हलवून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते.

"पत्रा परत जोडता येईल?" त्याने मला विचारलं.

"येईल. पण मग गाडी त्या दिवशी होती तशी राहणार नाही."

"तो दिवस मला नकोच."

मी मापं घेऊन चित्र काढून दिलं आणि परतले. अस्सल भाग शोधायला गेले होते, तो सापडल्यावर बदलायला सांगून आले. कामाच्या दृष्टीने हे हुकलेलंच म्हणायचं. मला मात्र तसं वाटत नाही.

परवा डेनिसचा फोन आला. इंजिन सुरू झालं, तेलाचा दाब नीट आहे.

"आणि हमद?"

"इथेच मुक्काम. दोघं गाडीच्या रंगावरून भांडतायत. डोकं उठलंय माझं!"