उभ्याने पायजमा

"बसून पायजमा आजारी माणसं घालतात," असं म्हणत बाबा या वयातही तो उभ्यानेच घालतात. आज त्यांचं पाऊल पायजम्यात अडकलं आणि ते एका बाजूला कलले. त्याच क्षणी त्यांची पोटरी ताठली, पायाच्या बोटांनी फरशी धरली, तीन पावलं मागे पडली आणि ते सावरले. माझे हात तोवर नुसतेच हवेत पोचले होते. आपलं शरीर आपल्याला न विचारताच सावरून घेतं. पण पूर्वी बाबांना त्यासाठी एक पाऊल पुरायचं. आज तीन लागली. पुढच्या वेळी?

"पडलो का मी?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"मग ते हात खाली घे."

मी घेतले. पायजम्याआड त्यांची पोटरी अजून थरथरत होती.