कॅमेऱ्याला न दिसलेला तळहात

चामोर्शीची साधना विजेच्या उपकेंद्रांमध्ये तारांचे तापलेले सांधे शोधत फिरायची. हातात उष्णता टिपणारा कॅमेरा असायचा. सांधा तापलेला असला की पडद्यावर पिवळा दिसे, थंड असला की निळा. मात्र धातूची चकचकीत पट्टी तापूनही निळसर दिसायची, आणि ते तिला कायम खटकायचं. वरच्यांना विचारलं, तर चकाकीमुळे तसं होतं, एवढंच उत्तर मिळे.

तिची शाळेतली मैत्रीण रंजीता चंद्रपुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत संशोधन करायची. तिथला असाच कॅमेरा बिघडला तेव्हा तिने साधनाला बोलावलं. साहेबांना विचारून साधना आपला कॅमेरा घेऊन रविवारी पोचली.

रंजीताने साधनाच्या तळहातावर एक काळा, कागदासारखा पातळ तुकडा ठेवला. कार्बनचे थर, त्यात मुरलेला खारट द्रव आणि दोन बारीक तारा. पडद्यावर तुकडा हातासारखाच पिवळा दिसत होता. रंजीताने तारांमधल्या विजेचं बटण फिरवलं तसा पिवळा रंग हळूहळू विझला आणि तळहाताच्या मधोमध निळा चौकोन उरला.

साधनाने दुसऱ्या हाताचं बोट त्यावर टेकवलं. ऊब होती तशीच होती.

"हात तं गरमच आहे. मंग हा थंडा काऊन दिसून राह्यला?"

"क्यामेरा गरमी नाई मोजत, बाहेर पडणारे किरण मोजते," रंजीता म्हणाली. "वीज देल्ली का द्रवातले कण कार्बनच्या थरात घुसतात. मंग तो तुकडा किरण कमी सोडते."

साधनाने वीज उलटी द्यायला लावली. पिवळा परतला. मग पुन्हा निळा. दुपारचं जेवण राहूनच गेलं.

घरी आल्यावर तिने गरम पाण्याने भरलेला गंज, म्हणजे उभट पातेलं, ओट्यावर ठेवला. त्याची एक बाजू आधीच घासून लख्ख केली होती, दुसरीवर चुलीची काजळी तशीच ठेवली होती. कॅमेऱ्यात काजळी पिवळी दिसली, लख्ख बाजू निळी. तिची आई आशाबाई दोन्ही बाजूंजवळ हात नेऊन बघत राहिली.

"काळ्याकडूनच आच लागते," ती म्हणाली.

तेव्हापासून साधनाचे रविवार चंद्रपुरात जाऊ लागले. तुकडे फार टिकत नव्हते. पुन्हा पुन्हा वीज दिली की कडा सुटायच्या. एकदा तिने विचारलं, घराच्या पत्र्यावर असा थर दिला, तर उन्हाळ्यात ताप बाहेर सोडता येईल आणि थंडीत आत धरता येईल का? रंजीताला ठाऊक नव्हतं. दोघींनी हातभर लांबीचा तुकडा करायला घेतला. पहिला फाटला. दुसऱ्याचा अर्धाच भाग निळा झाला, आणि उरलेला अर्धा का झाला नाही, हे शोधायला दोघी टेबलावर वाकल्या.