पुलावरची गाडी
फिनेलचा वास आला की पुरानंतर धुतलेलं बडोद्यातलं आमचं पार्किंग आठवतं. विश्वामित्री नदीचं पाणी चढायला लागलं तसा मी सगळ्यांसारखा धावत जाऊन गाडी उंच पुलावर लावून आलो. ओला कुत्रा जिन्यात नको म्हणून सोसायटीच्या कुत्र्याला सकाळी मीच गेटला बांधलं होतं. मी परतलो तेव्हा तो गुडघाभर पाण्यात उभा राहून मला बघून शेपटी हलवत होता. नंतर सोडू म्हणून मी वर आलो. "बाबा, त्याला सोडलंस ना?" लेकीनं विचारलं. मी "हो" म्हणालो आणि तिला देवासमोर बसवलं. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं, तेव्हा साखळीला तो तसाच होता. गाडीवर चिखलाचा एक शिंतोडा नव्हता. आजही मी कशालाही "हो" म्हटलं की लेक खाली जाऊन बघून येते.