अर्धी बास

सकाळी पावणेआठला दादाचा फोन आला तेव्हा मी पेज गाळत होते. तांदळाची, मिठाची, पातळ. गाळण्यातून दोनदा काढायची, कण राहता कामा नये, असं दवाखान्यातून बजावलेलं. गेले दोन महिने हे माझं सकाळचं काम होतं. साडेआठला डबा घेऊन निघायचं, दोन गल्ल्या ओलांडून दादाच्या सोसायटीत जायचं आणि नळीतून वहिनीला ती पेज घालायची. "विजू, पेज राहू दे," एवढंच दादा म्हणाला. मी "बरं" म्हटलं आणि गॅस बंद करायला गेले, तर तो आधीच बंद होता. मग ओट्याशी उभी राहून मी ती पेज पिऊन टाकली. का, ते मला सांगता येणार नाही. अन्न टाकायचं नाही ही आमच्या घरची शिस्त, म्हणून असेल... पण वहिनीच्या वाटचं मी खायची ही काही पहिली वेळ नव्हती. या लेखात मला तेवढंच सांगायचं आहे.

कुंदावहिनी आमच्या घरी आली तेव्हा मी अकरा वर्षांची होते. वडील आधीच गेलेले, आई त्याच वर्षी गेली, आणि दादाचं लग्न घाईघाईने उरकलं ते खरं तर मला कोण बघणार म्हणून. दादा येरवड्याला एका छापखान्यात कंपोझिटर होता. बुधवार पेठेत आमच्या दोन खोल्या, खाली रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान. दिवसभर खालून खरखर ऐकू यायची. एकवीस वर्षांची ही मुलगी सासवडच्या शेतीवाडीच्या घरातून त्या खोल्यांत आली आणि पहिल्याच दिवशी तिला सासू मिळाली ती अकरा वर्षांची. अतिशयोक्ती नाही करत. मी भयंकर खडूस कार्टी होते. "आमची आई आमटीत गूळ आधी घालायची," असं मी तिला चारचौघांत सुनावलं होतं. "अगंबाई, हो का? मग उद्यापासून आधी घालू," ती म्हणाली. मोठ्या माणसांनी मला बजावलं होतं, वहिनीला "अहो" म्हणायचं. आठ दिवसांत मी "अगं"वर आले, आणि तिने ते कुणाला कळूही दिलं नाही.

ती दुष्काळाची वर्षं होती. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची, तिच्या भाकऱ्या घशाखाली उतरायच्या नाहीत. गहू थोडा, त्यामुळे पोळ्या मोजून. दादाला डब्यात तीन, रात्री दोन, मला दोन. शेवटी वहिनी बसायची, आणि बसताना तिचं एक वाक्य ठरलेलं असायचं, "मला अर्धी बास." आता अर्धी पोळी कुणी लाटत नाही. लाटली तर अख्खीच लाटतात. मग ती त्या पोळीचे दोन तुकडे करायची आणि एक माझ्या ताटात टाकायची. "घे गं, वाया जाईल." मी घ्यायची. मला भूक लागलेली असायची, सतत. त्या वयात मी काय खात होते देव जाणे, नुसती ताडमाड वाढत होते. पुढे दिवस पालटले. गहू मुबलक आला, कोथरूडला फ्लॅट झाला, दादाला मेधा झाली, मी शाळेत शिक्षिका झाले, लग्न केलं नाही आणि जवळच वेगळी राहू लागले. वहिनीची अर्धी मात्र सुटली नाही. आमच्याकडे तो एक स्वभावविशेष मानला जायचा. कुणाला साखर कमी लागते, कुणाला तिखट जास्त, तसं कुंदाला अर्धी लागते. "चिमणीएवढं पोट आहे हिचं," असं मीच पाहुण्यांना सांगायची. चाळीस वर्षं गणित शिकवलं मी. एकाने अर्धी घेतली तर उरलेली अर्धी कुठे जाते, हे मला कधी सुचलं नाही.

सहा वर्षांपूर्वी दादाला पंचाहत्तर पूर्ण झाली. मी त्याच वर्षी निवृत्त झाले होते. मेधाने आम्हा तिघांना सिंगापूरहून निघणाऱ्या एका मोठ्या बोटीची चार रात्रींची सहल करून दिली. बोट कसली, सोसायट्याच्या सोसायट्या एकावर एक रचून पाण्यात सोडल्या होत्या. वहिनीने नवीन चपला घेतल्या आणि पहिल्याच दिवशी त्या चावल्या. संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये आम्हाला एक ठरलेलं टेबल मिळालं. सोबत आमच्याच टूरमधलं एक जोडपं होतं. नवरा निवृत्त बँक अधिकारी, बायको मोत्यांच्या कुड्या घालून इंग्रजीत बोलणारी. वाढायला आगुस नावाचा एक इंडोनेशियन गृहस्थ होता, पन्नाशीचा, फार मायाळू डोळ्यांचा. त्याने प्रत्येकाच्या हातात एकेक मेन्यूकार्ड दिलं. वहिनीने ते उघडून बराच वेळ वाचलं आणि मला हळूच विचारलं, "यातलं किती मागवायचं असतं गं?" मी तिथेही शाळेतली बाईच. "तीन भाग आहेत. प्रत्येकातला एकेक पदार्थ सांगायचा," मी शहाणपणा पाजळला. "मग मला प्रत्येकातलं अर्धं सांग."

आगुसला मी अर्धं सांगितलं. तो गोंधळला, मग हसून इंग्रजीत म्हणाला, "अर्धं नसतं आमच्याकडे. पूर्ण येईल. आवडेल तेवढं खा." पूर्ण आलं. वहिनीने सवयीने समोर आलेल्या पास्त्याचे सुरीने दोन भाग केले आणि एक उचलून माझ्या बशीकडे आणला. कुड्यांच्या बाई बघत होत्या. "वहिनी, मला माझं आहे ना," मी दात आवळून म्हटलं. काटा हवेतच थांबला. मग तिने तो भाग परत आपल्या बशीत ठेवला आणि सावकाश, मान खाली घालून, सगळं संपवलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी डेकवर ती आणि दादा बसले होते. मी गेले तर वहिनीचा चेहरा उजळलेला. "विजू, अगं, एका भागातले दोन मागवले तरी चालतात म्हणे! आणि आवडला तर तोच परत. पलीकडच्या टेबलावरच्या बाईने सांगितलं." "चालतात म्हणून मागवायचे असतात का?" मी म्हटलं. पण त्या रात्री तिने दोन सूप मागवली. एक टोमॅटोचं, एक मक्याचं. मग भाताचा एक प्रकार, पनीरचा एक, शेवटी लिंबाचं एक टार्ट. आणि सगळं खाल्लं. घाई करून नाही, अधाशासारखं नाही. प्रत्येक घास नीट, तोंड मिटून, मध्येच डोळे किंचित मोठे करत. मला ते बघून काहीतरी विचित्र वाटलं होतं, हे आठवतं. चिमणीएवढं पोट म्हणता म्हणता हे काय? पण मी पुढे विचार केला नाही. माझी नजर कुड्यांच्या बाईंवर होती.

तिसऱ्या रात्री तिने कार्ड हातात घेऊन स्वतःच ऑर्डर दिली. बोट ठेवून, "धिस... धिस... अँड धिस." आगुस वाकून प्रत्येक शब्दाला मान डोलवत होता. सगळं संपलं, लिंबाचं टार्टही संपलं, आणि तिने त्याला परत हाक मारली. "वन मोअर?" तिने रिकाम्या बशीकडे बोट दाखवत विचारलं. लाजली होती ती, पण विचारलं. सत्तरीला टेकलेल्या त्या बाईने, मी ओळखत असल्यापासून पहिल्यांदा, स्वतःसाठी काहीतरी दुसऱ्यांदा मागितलं. आणि माझ्या तोंडून निघालं, "वहिनी, आवर आता. जहाज बुडेल."

टेबल हसलं. बँकवाले हसले, कुड्या हलल्या, दादाही हसला. वहिनीपण हसली. मग तिने मांडीवरचा रुमाल उचलून तोंड पुसलं, त्याची घडी घातली आणि आगुसला म्हणाली, "नो, नो. थँक यू." चौथ्या रात्री तिने कार्ड उघडलंच नाही. "मला सूप बास. पोट जड झालंय." आगुस बिचारा न सांगता लिंबाचं टार्ट घेऊन आला आणि तिच्यासमोर ठेवून गेला. तिने त्याचे दोन भाग केले. एक माझ्याकडे सरकवला, थोड्या वेळाने दुसराही सरकवला. "घे गं, वाया जाईल." आणि मी ते खाल्लं. सगळं.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक. पण मी परत आल्यावर तो विनोद घरोघर सांगितला. हळदीकुंकवात, मेधाच्या घरी, शाळेतल्या मैत्रिणींना. "आणि मग मी म्हटलं, जहाज बुडेल!" वहिनी समोर असली तर तीही हसायची, कधी कधी तर मला आठवण करून द्यायची, "विजू, ते बोटीचं सांग ना." माझी जीभ तिखट आहे याचं मला आयुष्यभर कौतुकच वाटत आलं. पुण्यात अशा जिभेला लोक हजरजबाबी म्हणतात.

गेल्या दिवाळीनंतर तिला गिळायला त्रास होऊ लागला. आधी पोळी, मग भात, मग पाणी. अन्ननलिकेत गाठ निघाली. दवाखान्यात आठवडाभर होतो, तेव्हा एके दुपारी आहारतज्ज्ञ म्हणून एक तरुण मुलगी फॉर्म घेऊन आली. "आजी, आधीचा डाएट कसा होता तुमचा? म्हणजे नॉर्मली किती पोळ्या?" वहिनीला बोलताना धाप लागायची म्हणून मीच उत्तर दिलं. "अर्धी. तिला पहिल्यापासून अर्धीच लागते." मुलीने लिहून घेतलं. उशीवरून वहिनीचा आवाज आला, घोगरा, अगदी बारीक, "माहेरी चार खायचे मी."

मुलगी हसली, पुढचा प्रश्न विचारून निघून गेली. मी मात्र तिथेच होते. चार. माझ्या डोळ्यांपुढे त्या दोन खोल्या आल्या, खालची खरखर आली, ताटात पडणारा तो तुकडा आला. एकवीस वर्षांची मुलगी, चार पोळ्या खाणारी, आणि समोर मी... हात पुढे करून बसलेली. वहिनीने माझ्याकडे पाहिलं आणि तिला कळलं. तिला सगळंच कळायचं. "अगं, वाढतं वय होतं तुझं," ती म्हणाली. "आणि नंतर? नंतर का?" मी विचारलं. तिने खांदे उडवले, उडवता येतील तेवढे. "सवय झाली गं. नंतर कुणी विचारलं पण नाही." यात तक्रार नव्हती. असती तर मला सोपं गेलं असतं. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "वहिनी, बोटीवर मी तुला..." तिने डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. मग ओठांच्या कोपऱ्यातून किंचित हसत म्हणाली, "बुडालं नसतं गं जहाज."

दुसऱ्या दिवशी मी सगळं कोथरूड पालथं घातलं. शेवटी एका बेकरीत लिंबाचं टार्ट मिळालं. एक नाही, चार घेतली. दवाखान्यात नेली, तोपर्यंत नळी घातलेली होती. मी बोटाच्या टोकावर त्यातला लिंबाचा भाग घेतला आणि तिच्या जिभेला लावला. तिचे डोळे किंचित मोठे झाले, अगदी तसेच. "तेच आहे?" मी विचारलं. तिने मान हलवली, नाही. मग माझा पडलेला चेहरा बघून "छान आहे" अशी खूण केली. तशी खूण तिने पन्नास वर्षं केली होती, तेव्हा ती मी खरी मानायचं कारण नव्हतं. बाकीची टार्ट परिचारिकांना वाटली. मी एकही खाल्लं नाही.

तिला जाऊन आता दीड महिना झाला. मी दुपारी दादाकडे जेवायला जाते, म्हणजे तो जेवतो की नाही बघायला जाते. स्वयंपाकाच्या मंगलताई पोळ्या करून डब्यात ठेवून जातात. समोरच्या तिसऱ्या खुर्चीवर अजून तिची शाल आहे, ती आम्ही दोघंही उचलत नाही. परवा त्याने एक पोळी खाल्ली, दुसरी डब्यातून घेतली, तिचे दोन तुकडे केले आणि न बघता एक तुकडा माझ्या ताटावर धरला. "मला अर्धी बास," तो म्हणाला.

हे वाक्य त्याचं नव्हतं. पंचाहत्तर ओलांडून किती पुढे गेलेला माझा भाऊ, एवढी वर्षं ताटातून मान वर न करणारा... त्यानेही ते ऐकलं होतं तर. माझं पोट भरलेलं होतं, भरलेलं नसतं तरी मी ती घेतली नसती. मी तो तुकडा त्याच्या बोटांतून सोडवला आणि त्याच्याच ताटात, दुसऱ्या तुकड्याला लावून ठेवला.

"अख्खी खा, दादा," मी म्हटलं. "डब्यात आणखी आहेत."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग तो खाऊ लागला, आणि मी त्याची पोळी संपेपर्यंत तिथून उठले नाही.