नावं झाकलेलं प्रदर्शन

आमच्या कलोपचारक संघाची स्मरणिका निघते आहे. तिच्यासाठी संघाचा इतिहास दहा ओळींत लिहून द्या, असा हुकूम मला झाला आहे. हुकूम देणाऱ्या अध्यक्षबाई माझ्या मुलीपेक्षा लहान. "सर, थोडक्यात हं," म्हणाल्या. मी पेणचा माणूस. आम्हाला घरचा पत्ता सांगायला दहा ओळी लागतात.

हल्ली संघाचं अधिवेशन एसी हॉटेलात भरतं. छातीवर बिल्ले, पडद्यावर मेंदूची रंगीत चित्रं, जेवणात तीन प्रकारचं पनीर. मला पहिल्या रांगेत बसवतात, शाल घालतात आणि बोलायला पाच मिनिटं देतात. त्या गारव्यात शाल गच्च ओढून मी बसतो आणि मला निडीच्या छोट्या स्टेशनाचा फलाट आठवतो.

आमचा संघ निडीच्या फलाटावर वाढला. हे खोटं वाटत असेल तर वाटू दे.

झालं असं की संघ काढायचा ठरला तेव्हा आम्ही सात जण होतो. त्यातले पाच सभेत झोपायचे, त्यामुळे संघाचा सुरुवातीचा इतिहास म्हणजे मी आणि रोह्याच्या डॉक्टरीणबाई. मी पेणच्या शाळेत चित्रकला शिकवायचो, त्या मनाच्या आजारांच्या डॉक्टर. कचेरी कुठे असावी, यावर पहिलं भांडण. मी म्हणालो, गणपतीची माती आमची, कचेरी पेणला. बाई म्हणाल्या, पेशंट आमचे, कचेरी रोह्याला. "म्हणजे डोकी तुमच्याकडची जास्त बिघडतात, हे मान्य?" मी विचारलं. त्यानंतर तीन आठवडे पेण आणि रोहा यांच्यात बोलणं बंद होतं. शेवटी मध्य काढायला नकाशा आणला. मध्य नागोठण्याच्या आसपास येत होता. पण बाईंनी फूटपट्टी अशी काही धरली, की तो सरकत सरकत निडीला गेला. निडी म्हणजे रोह्याचं अंगण. बाई पंधरा मिनिटांत पोचायच्या, मी वाटेत एक झोप काढायचो.

पहिल्या सभेला निडीला गाडीतून एकदम माणसं उतरलेली बघून शेतातल्या म्हशी उठून उभ्या राहिल्या होत्या. बाकावर सभा, मांडीवर इतिवृत्त, मधे माझ्या बायकोने दिलेले पोह्याचे पापड. परतीची गाडी दिसली की ठराव मंजूर. संघाचे सगळे जुने ठराव एकेका वाक्याचे आहेत. नव्या सभासदांना त्यात मोठं शहाणपण दिसतं. ते शहाणपण गाडीचं.

आमचं काम काय, तेही सांगतो, कारण तेव्हा ते कोणालाच कळत नव्हतं. ज्याला मनातलं बोलता येत नाही त्याच्या हातात माती द्यायची, रंग द्यायचे आणि आपण गप्प बसायचं. यातलं गप्प बसणं शिकायला मला जेवढी वर्षं लागली, तेवढ्यात माणूस दोनदा पदवीधर होतो. दर गुरुवारी मी ओल्या गोणपाटात शाडूची माती गुंडाळून गाडीने रोह्याला न्यायचो. डब्यातली माणसं विचारायची, काय हाय त्यात? मी म्हणायचो, औषध. बाईंच्या दवाखान्यामागच्या खोलीत जुनी टेबलं मांडली होती. तिथे पेशंट मातीत हात घालायचे.

तिथे एकदा आखणीवाले काका आले.

आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. ते काम सगळ्यात शेवटी आणि ते सगळ्यांना जमत नाही. मूर्तीचं बाकी काही बिघडलं तर रंगाखाली झाकता येतं. डोळा तिरका गेला तर देव चकणा. काकांचा हात असा, की त्यांनी आखलेल्या गणपतीसमोर पोरं खोटं बोलायला घाबरायची. पेणजवळच्या जोह्यात, गणपतीच्या एका कारखान्यात वर्षानुवर्षं त्यांचीच आखणी. पण बायको गेली आणि त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. शिरा तपासल्या, मान तपासली, सगळं ठणठणीत. भाकरी मोडताना हात हलत नव्हता, विडी पेटवताना हलत नव्हता. कुंचला धरला की सुरू. मागच्या हंगामात तापाचं निमित्त करून त्यांनी दिवस ढकलले. यंदाच्या हंगामाला ताप पुरणार नव्हता.

"कारखान्यात कळलं तर मला डोळं कोन देनार?" पहिल्याच दिवशी ते म्हणाले. "बाई, तुमी काय पन करा, पन हे भायेर जाता नये."

गावात त्यांनी सांगितलं होतं, गुडघ्याला तेल लावून घ्यायला रोह्याच्या वैद्याकडे जातो. म्हणून पेणपर्यंत ते लंगडायचे. कधी उजव्या पायाने, कधी डाव्या.

आता हे सगळं मी छापायला देतोय, कारण काका स्वतःच हल्ली ते सांगत फिरतात. मी परवानगी मागितली तर म्हणाले, "लिवा. पन माजा हात लय चांगला व्हता, ते आदी लिवा." लिहिलं.

तर मातीत मात्र त्यांचा हात हलत नसे. पाच-सहा गुरुवारांत त्यांनी एक बाई केली. वीतभर उंचीची, मांडी घालून बसलेली, पुढ्यात परात. भिजवलेले वाल सोलत बसलेली. बिरडं सोलणाऱ्या बाईचा अंगठा असतो ना, दाण्यावर दाबलेला, तो अंगठा असा उतरला होता की परातीत दाणा पडल्याचा आवाज यावा. डोक्यावरचा पदर, पदरातून बाहेर आलेला कान, सगळं होतं. डोळे नव्हते. डोळ्यांची जागा सपाट ठेवली होती.

आणि मग मी प्रदर्शन भरवलं. कल्पना माझी, चूकही माझी.

लोकांना आमचं काम कळावं, चार नवे सभासद मिळावेत, म्हणून पेणला हॉल घेऊन पेशंटांची कामं मांडायची. बाई नको म्हणत होत्या. "सर, त्यांचं काम त्यांचं आहे. ते बाहेर न्यायचं नाही."

"नावं झाकू की! खाली नुसते आकडे. ब्रह्मदेवाला कळणार नाही."

बाईंनी एकेकाला विचारलं. काका म्हणाले, "नाव नाय ना? मंग ठेवा."

दुसऱ्या कुठल्याही तालुक्यात हे चाललं असतं. पण मी जन्मभर पेणला राहून विसरलो, की इथे मूर्तीखाली सही कोणी करत नाही, कारण गरजच पडत नाही. नाक बघून कारखाना सांगतात, कान बघून कारागीर. ज्या गावात माणसं नावाआधी हात ओळखतात, तिथे मी नावं झाकून हात मांडून ठेवले होते. हे माझ्या लक्षात कधी आलं? जोह्याची कारखानदारीण हॉलमध्ये शिरली आणि सरळ काकांच्या सात नंबरच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिली, तेव्हा.

ती काकांची मालकीण. अख्खं जोहे तिला आत्या म्हणतं. आवाज असा, की जोह्यात ती हसली तर शेजारच्या हमरापुरात ओला रंग वाळतो. बरोबर दुसरे दोन कारखानदार. आणि दाराशी, लंगडायचं विसरून, दोन्ही पायांवर सरळ उभे आखणीवाले काका.

"मास्तर, ही बाई कोनी केली?"

"नाव सांगता येत नाही, आत्या. नियम आहे."

"नाव कोन इचारतंय? मी हात इचारतेय." ती वाकली. "हा कान मी वळखते."

ते दोघे कारखानदारही वाकले. एकाने चष्मा लावला. मी दाराकडे बघितलं. काकांनी उजवा हात सदऱ्याच्या खिशात कोंबला होता.

मी आयुष्यात खूप थापा मारल्या आहेत. नदीत मगर बघितल्याची, शाळेत राज्यपाल येऊन गेल्याची. पण गरज म्हणून मारलेली ही पहिलीच.

"हात माझा आहे," मी म्हणालो.

"तुजा?"

"माझाच. मीसुद्धा बाईंचा पेशंट आहे. जुना."

"काय होतंय तुम्हाला?" चष्मेवाल्या कारखानदाराने काळजीने विचारलं.

"थापा मारण्याचा आजार आहे त्यांना," मागून डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या. "गुण येत नाही."

आत्या हसली नाही. शेजारच्या टेबलावर लोकांनी हाताळून बघावी म्हणून मातीचा गोळा ठेवला होता. तो तिने माझ्यापुढे सरकवला. "कर एक कान."

मी बाह्या सरसावल्या. मी चित्रकलेचा मास्तर. कागदावर कान काढा म्हणाल तर आत्ता काढतो. मातीत मात्र मी घाम गाळून जे काही केलं, ती करंजी होती. कातलेली, कडा दुमडलेली, तळायला तयार. हॉलमध्ये असा हशा पिकला की बाहेरचा रिक्षावाला आत डोकावला.

आत्याने ती करंजी तळहातावर घेतली, फिरवून बघितली. मग मान उचलून दाराकडे बघितलं. एकदाच, आणि तेही तिकडे कोणी नसल्यासारखं.

"व्हय," ती म्हणाली. "हात मास्तरचाच हाय."

"आत्या, अगो काय बोलतेस?" एक कारखानदार म्हणाला. "ही करंजी न् तो कान!"

"आता उभ्यानं केलान, म्हून बिघडला. बसला की बरा करत आसंल." तिने सात नंबरच्या बाईच्या कानाकडे बोट केलं. "न् त्यो तरी कुटं सुदा हाय? पाळी बग, जाड झालीय. आसा घान कान माज्या कारखान्यात कोनी केलान, तर मी त्याला आंघोळ घालून परत बसवीन. चला रं, च्या घ्या."

पेण तालुक्यातल्या सगळ्यात देखण्या कानाची ही निंदा, कान करणाऱ्याच्या देखत! काका रागाने असे लाल झाले की मला वाटलं, आता पुढे होऊन भांडतात आणि सगळं मुसळ केरात. पण राग त्यांनी चहाबरोबर गिळला. बाहेर पडताना आत्या माझ्या कानाशी लागली. "मला कळलंय ते त्याला सांगशील, तर याद राख. मी बगते काय ते." इतकी वर्षं याद राखली, आज पहिल्यांदा लिहितोय.

पुढच्या गुरुवारी काका येतील, असं मला वाटत नव्हतं. आले. येऊन बसले आणि म्हणाले, "माजी बाई द्या."

बाईंनी मूर्ती समोर ठेवली. शेजारी, सहज ठेवल्यासारखा, एक बारीक कुंचलाही ठेवला. आम्हा दोघांना वाटत होतं, आता डोळे आखणार. काकांनी कुंचला बाजूला सारला, बादलीतलं पाणी ओंजळीने मूर्तीवर सोडलं आणि ती मोडायला सुरुवात केली. आधी परात, मग अंगठा, शेवटी कान. सगळी मळून एक गोळा केला. त्यांचा चेहरा मात्र मोकळा होता.

"तिला बिरडं सोलायचा लय कटाळा," ते म्हणाले. "मीच सोलायचो. मी तिला उगाच कामाला बसवली."

त्या महिन्यात निडीला ठराव झाला: पेशंटने केलेली माती त्याच दिवशी त्याच्याच हाताने बादलीत जाईल. पुढून गाडी येत होती म्हणून चर्चा झाली नाही. आज मोठ्या शहरातले लोक आमच्या जुन्या कामाचे फोटो मागतात, आधीचे आणि नंतरचे. आमच्याकडे एकही नाही. नव्या सभासदांना त्याची थोडी लाज वाटते. मला नाही वाटत.

हंगाम लागला. आत्याने काकांकडे पहिल्या दिवशी काय पाठवलं? उंदीर. गणपतीपुढचे उंदीर, पाट्याच्या पाट्या भरून. जगात तेवढे खरे उंदीरसुद्धा नसतील. उंदराचा डोळा म्हणजे कुंचल्याचा नुसता एक टिपका.

"मला उंदीर!" काका रोह्याला येऊन बाईंच्या टेबलावर मूठ आपटत म्हणाले. "माज्यासारख्या मानसाला! म्हातारी फिरलीय!"

"मग नाही म्हणा," बाई म्हणाल्या.

"नाय कशाला म्हनू? दाखवतोच तिला."

ते नंतरचे दोन गुरुवार आलेच नाहीत. न राहवून मी जोह्याला गेलो. कारखान्यात शिरलो तर एका बाजूला हजारो उंदीर डोळे वटारून माझ्याकडे बघत होते. पलीकडे खिडकीपाशी, एका गुडघाभर उंचीच्या गणपतीसमोर काका बसले होते. एक डोळा आखून झाला होता. दुसऱ्याची वरची रेघ चालली होती. आत्या लांब उभी राहून रंगाचे डबे उगाच इकडचे तिकडे करत होती. मी आणखी एक पाऊल पुढे झालो.

काकांनी मान वर केली नाही. "मास्तर," ते म्हणाले, "उजेड आडवू नका."

मी बाजूला झालो.